बटणावरचा शब्द

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्याच्यासोबत कंपनी काढली त्या मित्राजवळही नाही. एकदा दारूच्या भरात बोलायला गेलो होतो, पण ऐन वेळी विषय बदलला. शुद्ध हरपत असतानासुद्धा माझी जीभ सावध असते, एवढं मला स्वतःबद्दल त्या दिवशी कळलं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटतंय — बघू.

आम्ही कॉम्प्युटरवर खेळायचा एक गेम बनवला होता. विरारला, फुलपाड्यात, माझ्या घराच्या आतल्या खोलीत बसून. प्रोग्राम मी लिहायचो, चित्रं मित्र काढायचा. गेम मासेमारीचा होता. किनाऱ्यावरचं गाव, एक होडी, तिची वाट बघणारी घरची माणसं. होडी समुद्रात न्यायची, जाळं टाकायचं, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि परत यायचं. बंदुका नाहीत, मारामारी नाही. मराठीत असं कुणी केलेलं नाही, असं आम्ही भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

समुद्रातलं मला मात्र ओ की ठो कळत नव्हतं. ते सगळं शिकवलं आंतोन सरांनी. सर विरारच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला वसईहून यायचे. घर पाचूबंदरला, कोळीवाड्यात. मुलांना कॉपी केलेलं सॉफ्टवेअर ते हातात धरू देत नसत. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर टिंगल करायचो. ते निवृत्त झाल्यावर मी रविवारी, त्यांची चर्चमधली मिस्सा आटोपली की, त्यांच्याकडे जाऊन बसायचो. मोसम सुरू होताना फादर किनाऱ्यावर येऊन होड्यांना आशीर्वाद कसा देतात, कुठला वारा सुटला की होडी काढायची नाही, हे सर सांगायचे आणि मी गेममध्ये घालायचो. रोझी मावशी, म्हणजे सरांची बायको, मला जेवल्याशिवाय सोडायची नाही.

होडी किनाऱ्यावरून काढायचं एक बटण होतं. मी त्यावर ‘निघा’ लिहिलं होतं. सर म्हणाले, तिथे ‘येतो’ लिही. घराबाहेर पडताना आपण सगळेच ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणत नाही. पण सरांच्या घरात ते नुसतं वळण नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत, आणि त्या दिवशी घाईत त्यांच्या तोंडून ‘जातो’ निघालं होतं, असं सरांची आई मरेपर्यंत सांगत राहिली. खरंच निघालं होतं की तिला तसं वाटत राहिलं, कुणास ठाऊक. त्या घरात तो शब्द पुढे कुणी उच्चारला नाही. मी बटणावर ‘येतो’ लिहिलं. लोकांना गेममधलं सगळ्यात जास्त काही आवडलं असेल, तर हेच.

मग चोरी झाली. गेम विकायला काढून काही दिवस होतात न होतात तोच त्याची फुकट प्रत मोबाइलवरच्या ग्रुपांमधून फिरायला लागली. माझं डोकं फिरलं. आम्ही नोकऱ्या सोडून हे करत होतो, आणि माणसं ते फुकट घेऊन वर आम्हालाच ‘मस्त आहे’ असं कळवत होती. राग येणं चूक होतं का? नव्हतं. पण राग आला की मी हुशारी करायला जातो, हा माझा जुना रोग आहे.

मी गेमला एक कुलूप घातलं. प्रत चोरीची आहे असं वाटलं, तर गेम बंद पडायचा नाही — चालूच राहायचा. फक्त बटणावरच्या ‘येतो’चं ‘जातो’ व्हायचं. आणि होडी परत यायची नाही. किनाऱ्यावर बायको उभी, दिवस मावळतो, उजाडतो, ती उभीच. हे मला कुठून सुचलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. सरांनी घरातलं दुःख विश्वासाने माझ्या हातात दिलं होतं, त्याचं मी हत्यार केलं. आणि वर त्यांनाच कौतुकाने सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा संपवला. मग म्हणाले, “चोराच्या होडीलाही असं म्हणू नये रे.”

मी हसलो. म्हातारं माणूस हळवं झालंय, असं मनात म्हटलं.

कुलूप घातल्यावर तक्रारी येऊ लागल्या. काही लोक इंटरनेटवर लिहायचे की आम्ही रीतसर पैसे भरलेत, तरी आमची होडी परत येत नाही. त्यावर मोठा वाद झाला. एक जण म्हणाला, चोर कुलूप तोडून आत जातो आणि किल्ली घेऊन आलेल्या मालकालाच तुम्ही दारात उभं करता. मी त्याला लिहिलं, ज्याने गेम विकत घेतलाय त्याची होडी येते. ज्याची येत नाही त्याने आधी आरशात बघावं. लोक खूप हसले. माझं ते वाक्य सगळीकडे फिरलं. तक्रार करणारा आपोआप चोर ठरायला लागला, आणि मला त्यात मजा येऊ लागली. बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीने विचारलं, तुमचं हे कुलूप आमच्या गेमना द्याल का? प्रामाणिक गिऱ्हाइकाला अजिबात त्रास होत नाही ना? मी म्हटलं, अजिबात नाही.

आता त्या कुलपाची गंमत ऐका. आमचा गेम अधूनमधून इंटरनेटवरून आपली खात्री करून घ्यायचा. ते चुकवायला लोक कॉम्प्युटरची तारीख मागे नेतात. म्हणून मी सरळ ठरवून टाकलं होतं, तारीख मागे गेली की माणूस चोर. पण कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटा गोल सेल असतो. वीज नसताना वेळेचं भान तो ठेवतो. तो संपला, की वीज गेल्याबरोबर तारीख आपोआप कित्येक वर्षं मागे जाते. सरांच्या कॉम्प्युटरचा सेल कधीच मेला होता. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. ती आली की सर खुर्चीत बसून आधी तारीख नीट लावायचे आणि मग कामाला लागायचे, घड्याळाला चावी द्यावी तसं. हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. त्यांच्या शेजारी बसून पाहिलं होतं!

अजून मुद्द्यावर आलो नाही, हे मला कळतंय. मेल्विनबद्दल सांगितल्याशिवाय येता येणार नाही.

मेल्विन हा सरांचा एकुलता मुलगा. कॉलेजात असताना तो स्टेशनबाहेर कॉपी केलेल्या सीडी विकायचा. एकदा धरला गेला. त्याला सोडवायला सर पोलीस चौकीत गेले, आणि समोर बसलेला हवालदार नेमका त्यांचा विद्यार्थी निघाला. त्या दिवसानंतर मेल्विन सुधारला. कामणच्या एका गोदामात लागला, घरी पगार देऊ लागला. पण सरांच्या मनात ती चौकी राहिलीच. मेल्विनलाही ते माहीत होतं. सरांच्या वाढदिवसाला त्याने आमचा गेम विकत घेऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकला आणि मला मेसेज केला, “दादा, ओरिजिनल घेतला. आयुष्यात पयल्यांदा.” मी त्याला अंगठा पाठवला.

मग एका शुक्रवारी वीज जाऊन आली. त्या दिवशी सर तारीख लावायला विसरले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज अगदी शाळेतला. त्यांनी विचारलं, “विकत घेतलेल्या गेममध्ये ‘जातो’ येतं का?”

मला लगेच कळलं. खोटं कशाला बोलू — प्रश्न पुरा व्हायच्या आतच मला सगळं कळलं होतं. सेल, शुक्रवार, तारीख. मेल्विनचा मेसेज माझ्या फोनमध्ये होता. एवढंच नव्हे, चोरांनी आमचं कुलूप केव्हाच काढून टाकलं होतं. त्यांची प्रत मी स्वतः उतरवून पाहिली होती. त्यात बटणावर ‘येतो’ होतं आणि होडी मजेत परत येत होती. म्हणजे त्या दिवसांत ‘जातो’ दिसत होतं ते फक्त पैसे भरलेल्या लोकांना. हे जगात एका माणसाला पक्कं माहीत होतं, आणि सर त्याच माणसाला विचारत होते.

सोमवारी बंगळुरूचे लोक यायचे होते. मी म्हटलं, “नाही, सर.”

ते हळू आवाजात म्हणाले की मेल्विन त्याच्या फोनवर पावती दाखवतोय. इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, “पावती काय सर, कुणीही बनवतं.”

हे वाक्य माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. माझं मीच दिलं.

फोन ठेवला तोवर मेल्विनचा मेसेज येऊन पडला होता. “दादा, पपांना सांग ना, मी इकत घेतलाय म्हनून. ते माझं आयकत नाय.” मी तो वाचला. वाचल्याची खूण त्याला दिसली असणार. उत्तर दिलं नाही. आधी प्रोग्राम उघडून बसलो आणि तारखेची ती ओळ काढून टाकली. किती वेळ लागला असेल? चहा गार व्हायच्या आत झालं. मग सगळ्या गिऱ्हाइकांना नवा अपडेट पाठवला. त्यात काय बदललं ते लिहावं लागतं. मी लिहिलं — किरकोळ सुधारणा. त्यानंतर मेल्विनला उत्तर दिलं, अपडेट टाक, चालेल. बिचाऱ्याने माझे आभार मानले.

त्याने अपडेट टाकला. दुसऱ्या दिवशी सरांनी गेम उघडला तर बटणावर ‘येतो’. आणि सरांना काय वाटलं असेल? मला त्यांनीच पुढच्या रविवारी सांगितलं — पोराने गुपचूप खरा गेम आणून टाकला, निदान लाज तरी वाटली त्याला. माझ्या दुरुस्तीने त्याच्या चोरीचा पुरावा तयार केला होता. तेव्हा तरी बोलायचं! मी म्हटलं, “हो सर.” रोझी मावशीने ताटात तळलेला मासा वाढला, तो खाल्ला. सर म्हणाले, तुझं नाव मी त्याच्यासमोर घेतलेलं नाही, तुमच्या दोघांत वितुष्ट कशाला. तू खरं बोललास, वाईट वाटून घेऊ नकोस.

घरात पुढे काय काय झालं ते मला रोझी मावशीकडून कळत गेलं. सर मेल्विनला ओरडले नाहीत, त्यांनी त्याच्याशी बोलणंच बंद केलं. मेल्विनचं म्हणणं एकच होतं, चोरी केली तेव्हा तुम्ही मला घरी आणलंत, आता केली नाही तर तोंड फिरवता. काही महिन्यांनी त्याने मस्कतला नोकरी धरली. सकाळी बॅग घेऊन निघाला, उंबऱ्यावर थांबला, आतल्या खोलीकडे बघत म्हणाला, “जातो.” मावशी त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावत गेली, येतो बोल रे, येतो बोल, म्हणत. तो बोलला नाही. सर आतून सगळं ऐकत होते.

बंगळुरूचा करार झाला. त्यांच्याही गिऱ्हाइकांनी बोंब मारली, तेव्हा त्यांनी ते कुलूप काढून फेकलं. आमची कंपनी बंद पडली. मी पुन्हा नोकरी करतो. हे मी शिक्षा झाली म्हणून सांगत नाही. ही कसली शिक्षा? पगार वेळेवर होतो.

सर गेले. आजारी होते तेव्हा मी जात होतो. ते मला जवळ बसवून घ्यायचे आणि मेल्विनचा विषय निघाला की भिंतीकडे बघायचे. कितीदा तरी तोंडापर्यंत आलं. पण आता सांगितलं तर त्यांना धक्का बसेल, असं मी स्वतःला समजावायचो. धक्का त्यांना बसला असता हे खरं. पण भीती वाटत होती ती त्यांच्या डोळ्यांची.

मेल्विनला दफनविधीला पोचता आलं नाही. महिन्याने सरांसाठी मिस्सा ठेवली होती, तिला आला. मिस्सा झाल्यावर आम्ही दोघं सरांच्या कबरीपाशी उभे होतो. त्याने विचारलं, “दादा, पपा शेवटी माझ्याबद्दल कायतरी बोलले काय?” मी म्हटलं, आठवण काढायचे. तो रडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला — ठेवू शकलो. मग त्याने डोळे पुसले, माझा हात हातात घेतला आणि आपल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाला, “येतो, दादा.”

बापाला जे म्हणाला नाही, ते मला म्हणाला. मी मान हलवली आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो.

सर, मेल्विनने तो गेम विकत घेतला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते माहीत होतं.