तीन कोपऱ्यांची खानेतकानी

डोंगरावरचं बर्फ वितळून पाटाला पाणी आलं की इराणात आमच्या नतन्झकडच्या गावात बायकांच्या तोंडी एकच शब्द असतो, खानेतकानी. खाने म्हणजे घर, तकानी म्हणजे झटकणं. अख्खं घर उचलून झटकायचं, मगच नौरोजला, म्हणजे नव्या वर्षाला, दारातून आत घ्यायचं. नुसत्या पुसण्याला कुणी खानेतकानी म्हणत नाही. म्हणतो तो एकटा केरामत.

केरामत माझा शेजारी, रेडिओ दुरुस्त करणारा. त्याची बायको तूबा. तिच्या बैठकीतला लाल गालिचा तिच्या आईनं विणलेला. दोघी बहिणींत तो एकच. "नीट जपशील तर तुझा," म्हणून थोरल्या बद्रीनं सोडला. त्याच्या एका कोपऱ्यावर केरामतचं बंद रेडिओंचं कपाट अकरा वर्षं उभं होतं. तूबा दर वर्षी तीन कोपरे उचलून बडवायची आणि चौथ्यापाशी अडायची. मग भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

"आगा, कपाट हलवा."

"पुसलंय मी ते."

"शब्दात पुसणं कुठंय? झटकणं आहे. आता या वयात तुम्हाला फारसी शिकवू?"

"शब्दाला काय लागतं, खानम. कपाटाला चार माणसं लागतात."

"आणते चार. आधी ती मढी बाहेर काढा."

"मढी नाहीत ती. एकेकाला बोलतं करणारे मी."

"अकरा वर्षांत एक तरी खोकला का?"

यंदा नौरोजला बद्री शिराजहून येणार होती. तूबानं मला नि माझ्या दोघा भावांना हाक मारली. केरामतसकट चौघांनी कपाट उचललं. खाली कसरीनं कोपरा खाल्लेला. हातभर जागेत लाल रंग नव्हताच, नुसते पांढरे दोरे.

केरामत हळूच म्हणाला, "परत ठेवू या. बद्रीला कशाला दिसतंय?"

"कपाट अंगणात," तूबा म्हणाली. तिचा आवाज इतका थकलेला होता की आम्ही मुकाट्यानं नेलं.

बद्री आली. तूबानं तिला त्या कोपऱ्यापाशीच बसवलं. "ताई, नाही जपता आला. यांचं कपाट होतं वर."

बद्रीनं बराच वेळ दोऱ्यांवरून हात फिरवला. "अकरा वर्षं भांडलीस?"

"दर वर्षी."

"भांडत काय बसलीस? रेडिओ काढून ढकलायचं ना बाजूला."

केरामतनं चहा पुढे केला आणि म्हणाला, "मी तिला हेच सांगत होतो."