सातवरून पाचवर
शर्टाला बटण शोधताना डबीत जंपर सापडला, तांदळाच्या दाण्याएवढं काळं प्लास्टिकचं टोपण, आणि माझं डोकं पुन्हा तापलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीच्या घरी मी टायपिंगची कामं घ्यायचे. त्या कॉम्प्युटरला साउंड कार्ड बसवलं आणि स्पीकर नुसता खरखरायला लागला. सोबतचं पुस्तक वाचून मीच शोधलं, की कार्ड आणि प्रिंटर दोघांनी एकच नंबर धरलाय, तो नंबर ठरवणारा कार्डावरचा जंपर सातवरून पाचवर बसवायला हवा. हात लावला तर गॅरंटी जाईल म्हणून ठाण्याच्या दुकानात फोन केला. "वहिनी, घरात कोणी जेंट्स आहेत का? त्यांना द्या ना फोन." मी सगळं कागदावर लिहून नवऱ्याच्या हातात दिलं, त्याने ते जसंच्या तसं वाचलं. पलीकडचा खूश झालेला मला ऐकू आला. "बरोबर पकडलंत, साहेब! बदला बिनधास्त." बदलला मी. कार्ड वाजलं, कौतुक त्याचं झालं. पुढे कार्ड भंगारात गेलं, जंपर तेवढा मी काढून ठेवलेला. आज बाहेर नवरा जावयाला तीच गोष्ट ऐकवत होता, "दुकानवाल्याला मीच शिकवलं रे!" मी जंपर त्याच्या चहाच्या बशीत ठेवला. चष्मा वर करून तो म्हणाला, "अगं, चहात हे काय पडलंय?"