निफाडहून आलेली ओटी

कोलकात्यात मी नाशिकची आहे म्हटलं, की समोरचा माणूस डोळे बारीक करून हसतो आणि विचारतो, "वाइन?" जसं काही आमच्याकडे ती नळालाच येते! माझा जन्म निफाड तालुक्यातला, वडिलांची द्राक्षबाग, आणि वाइनचा घोट मी आजवर घेतलेला नाही. आमच्या लेखी द्राक्ष म्हणजे छाटणी, फवारणी आणि अवकाळीची धास्ती.

त्यामुळे बालीगंजच्या आमच्या इमारतीतल्या समोरच्या दीदी जेव्हा म्हणाल्या, "इस बार हम नासिक जाएगा. वाइन छोडके उधर क्या है, तुम बोलो," तेव्हा मला हुरूपच आला. दीदी भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. फिरण्याचा भारी नाद, पण सगळे प्रवास नवऱ्याबरोबर झालेले. ते गेल्यानंतरचा हा पहिलाच, आणि तोही एकटीने. न्यू टाउनला राहणारा मुलगा म्हणाला, मोठ्या वायनरीची सहल ठरवून देतो. तर ह्या उखडल्या. "पेला हातात धरून फोटो काढायचं वय आहे का माझं?"

मी चहा टाकला आणि आमचं नाशिक सांगायला बसले. नांदूरमधमेश्वरला पहाटे जा, गोदावरीच्या अडवलेल्या पाण्यावर थंडीत कुठकुठले पक्षी उतरतात. रामशेजचा किल्ला चढा, वरून दिंडोरीच्या बागा दिसतात. पिंपळगावाकडे बेदाण्याची शेड बघा, जाळ्यांवर द्राक्षं वाळत असतात आणि आत शिरलं की गोड, आंबूस वास नाकात बसतो. आणि लासलगावला कांद्याचा लिलाव.

"कांदा बघायला जायचं?" दीदी.

"बघाच. एकाच भावाने रडणारे आणि हसणारे शेजारी शेजारी उभे असतात."

"और तुम्हारा घर?"

"तिथे काय बघायचंय? भाऊ-वहिनी असतात," म्हणत मी कप उचलले.

खरं म्हणजे आई गेल्यापासून मी तिकडे फिरकलेच नव्हते. तेराव्यानंतर निघाले तेव्हा वहिनीने ओटी भरली नाही. दुःखाच्या घरातून ओटी भरत नाहीत, हे मला कळत होतं. पण कळून काय उपयोग? रिकाम्या पदराने गाडीत बसले आणि वाटलं, संपलं आपलं माहेर. पुढे वहिनी "कधी येताय?" विचारायची, मी "बघू, मुलीची परीक्षा आहे" म्हणून टोलवायचे. मुलीच्या परीक्षा तरी किती असाव्यात! हळूहळू वहिनीने विचारणंच सोडलं. त्याचाही मला रागच आला.

दीदी फेब्रुवारीत गेल्या आणि उन्हाने रापून, खुशीत परत आल्या. पक्षी पाहिले. रामशेज अर्धाच चढल्या, पायरीवर बसून मुडी, म्हणजे आपले मुरमुरे, खाल्ली आणि उतरल्या. लिलाव तर इतका आवडला की तिथलं ओरडणं त्यांनी माझ्या दिवाणखान्यात करून दाखवलं. मग म्हणाल्या, "तू सांगितली नव्हतीस अशी एक जागाही पाहिली."

गावाचं नाव मी उठताबसता घेते म्हणे. लिलावात कुणाला तरी ते विचारून, रिक्षा करून बाई थेट आमच्या दारात! वहिनीने पिठलं-भाकरी वाढली. काढणी चाललेली असताना त्यांना मांडवाखालून सगळी बाग हिंडवली. आणि निघताना पाटावर बसवून हळदी-कुंकू पुढे केलं. दीदींना ओटी ठाऊक नव्हती, पण कुंकू कळलं. त्यांनी हात मागे घेतला. "मेरा आदमी नहीं है," म्हणाल्या.

वहिनीचं हिंदी दीदींच्या हिंदीच्या वरताण. ती म्हणाली, "तुम बेटी के घर से आया. इस घर से एक बार बेटी को खाली भेजा, वो अभी तक मेरे को चुभता है. अब कोई खाली नहीं जाएगा." आणि ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड आणि मूठभर बेदाणे.

इतकी वर्षं मला वाटत होतं, ते फक्त मलाच टोचतंय.

दीदींनी पिशवीतून खणात बांधलेली आणखी एक पुरचुंडी आणि नारळ काढून टेबलावर ठेवला. "ये तुम्हारा. कसं भरायचं ते भाभीने शिकवलं. पण मी नको. बेहालाला तुझी ती मराठी मैत्रीण राहते ना, तिला बोलाव."

ओटी सवाष्णीने भरायची, हे माझ्या आईने मला शिकवलेलं. तिने शिकवलेलं मी सहसा मोडत नाही.

"कुणाला बोलवायचं नाही, दीदी. तुम्हीच भरा."

मी पदर पसरला. दीदींनी एकेक वस्तू घातली, मध्येच क्रम चुकला, नारळ शेवटी आला. दोघीही रडलो, आणि रडताना त्यांनी माझ्याच ओटीतला एक बेदाणा तोंडात टाकला.

संध्याकाळी वहिनीला फोन लावला. ओटी मिळाली वगैरे काही बोलले नाही. एवढंच विचारलं, "काढणी अजून किती दिवस आहे?"

"तुम्ही या, ताई," म्हणाली. "वेलींची एक ओळ राखून ठेवते."