तायबुघाच्या दारातला नगारा

आमच्या हलब शहरात सरदार अमीर तायबुघाचं नाव निघालं की लोक अजून छातीवर हात ठेवतात. माझं मात्र डोकं फिरतं. मंगोलांशी झालेल्या लढाईत त्याच्या नगाऱ्याच्या उंटाची वेसण माझ्या हातात होती, आणि नगाऱ्यावर माझ्या बहिणीचा नवरा, सरहानदाजी.

दाजी म्हणजे जन्माचा कुरकुऱ्या. रस्सा खारट, उंट घाणेरडा, अमीर माजोरडा. नगाऱ्यामागे बसला की मात्र तोंड बंद. फौजेचा नेमच होता: अमीर जिथे, तिथे त्याचा नगारा. नगारा थांबला की शिपाई समजायचे, अमीर पडला. मग फळी फुटायला वेळ लागायचा नाही.

मंगोलांनी आमची डावी बगल उधळली तेव्हा तायबुघाने घोडा वळवला. धुळीत ते कुणाला दिसलं नाही. आम्हाला दिसलं.

"नगारा बंद कर. मागे चल," तो दाजीला म्हणाला.

"पुढे माझा हमदान आहे." हमदान हा दाजीचा एकुलता एक मुलगा, मधल्या फळीतला तिरंदाज.

"असेल! चल म्हणतो ना!"

"तुम्ही व्हा पुढे. पळायला नगारा कशाला लागतो?"

तायबुघाने दाजीच्या गालावर चाबूक ओढला आणि निघून गेला. भेकड मेला! दाजी रक्त न पुसता वाजवत राहिला. मधली फळी टिकली, आमच्या उजव्या बगलेने वळसा घालून मंगोलांना पिटाळलं, आणि सगळं आटोपल्यावर अमीरसाहेब कोरड्या कपड्यांनी परत आले.

"नगारा इथे होता, म्हणजे मीही इथेच होतो," तो आम्हाला म्हणाला. "तोंड उघडलंत तर पोराला सरहद्दीच्या किल्ल्यात कुजवीन."

सुलतानाने त्याला मानाचा झगा दिला. घरी दाजीने सांगितलं की उंटावरून पडलो, गाल फुटला. हमदान जेवताना हसला.

"अमीर हलले नाहीत म्हणून आम्ही जगलो. लढणाऱ्यांत उभे राहून लढले ते! आणि तुम्ही बाबा, मागे उंटावर बसून पडता?"

मी तोंड उघडलं, तर दाजीने माझा पाय दाबला.

रोज सूर्यास्ताला अमीराच्या दारात नगारा वाजायचा, अमीर घरी असल्याची ती खूण. पुढच्या संध्याकाळी झगा बघायला गल्ली भरली होती. हमदान पुढेच उभा होता.

"जोरात वाजवा बाबा! मर्दाच्या दारात वाजवताय!"

दाजीने उचललेल्या टिपऱ्या खाली ठेवल्या.

"कारभारी," तो दारात उभ्या अमीराच्या कारभाऱ्याला मोठ्याने म्हणाला, "अमीर आत आहेत का, जरा बघून या. लढाईत मी वाजवत होतो आणि हे पळाले होते. हा गाल त्यांनीच फोडला."

कारभाऱ्याने दाजीला नगाऱ्यापासून बाजूला ढकललं.

"भ्रमिष्ट झालाय म्हातारा. हमदान, तू वाजव रे."

हमदानने टिपऱ्या उचलल्या. बापाच्या गालावरचा चाबकाचा लांब वळ निरखला. मग कारभाऱ्याकडे वळला.

"आधी सांगा. आहेत का आत?"

लोकांनी दोघांनाही वेडं ठरवलं. पण त्या संध्याकाळी तायबुघाच्या दारात नगारा वाजला नाही. दुसऱ्याच दिवशी हमदानची सरहद्दीवर रवानगी झाली. दाजी त्याला वेशीपर्यंत सोडायला गेला, आणि वाटभर एकदाही कुरकुरला नाही.