मास्कची पाळी

साखराबाईचा एकच हट्ट होता: सोसायटीत आलेली वस्तू सगळ्यांची. दुष्काळानं शेतातली कामं बंद पाडली, तेव्हा तिनं परळीजवळ बायकांची मजूर सोसायटी काढली. वीजकेंद्राच्या राखेच्या विटा पाडायच्या. आगीतून फुफाट्यात, पण चूल पेटायची. टँकरचं पाणीसुद्धा तिथं पाळीनं वाटत. चेअरमन असून घमेलं तीही उचलायची, खुर्चीनं काय पोट भरतं!

त्या उन्हाळ्यात शहरातून एक डॉक्टरसाहेब आले. राखेनं छातीचं काय होतं ते त्यांना बघायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या; निम्म्या बायकांना चांगले मास्क, निम्म्यांना काहीच नाही. दिवाळीपर्यंत असंच राहायचं आणि दर महिन्याला नळीत फुंकायचं. चिठ्ठीत कुणावर अन्याय होत नाही, अशी साखराबाईची समजूत. तिनंच बायकांना हो म्हणायला लावलं. तिथंच चुकलं. मास्क तिला आला, आणि छातीनं कच्ची असलेली तिची जाऊ सिंधुबाई तशीच राहिली.

सिंधुबाईचा खोकला वाढला, तशी साखराबाईनं सोसायटीची रीत लावली. सकाळी एकीनं मास्क घालायचा, दुपारून धुऊन दुसरीनं. सिंधुबाईला जरा उतार पडला.

पुढच्या तपासणीला साहेबांना हे कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, सगळी मेहनत पाण्यात घातलीत!"

"कावून? बिगरमास्कच्या बायांचं काय हुतं, ते तुमाला ठाव न्हाई व्हय?"

"अंदाज आहे. पण सिद्ध करावं लागतं. पुढं हजारोंचं भलं होईल."

"हुईल तवा हुईल. तवर माझ्या जावंला खोकत ठिवायचं?"

साहेबांनी अभ्यास बंद केला आणि मास्क परत मागितले. दुसऱ्या गावात लागणार होते म्हणे. साखराबाईनं हात जोडले, मग शिव्याही दिल्या. पालथ्या घड्यावर पाणी! तिचा संताप अंगात मावेना, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता.

मास्क खोक्यात भरत असतानाच राखेचा ट्रक आला आणि रिकामा झाला. करडा लोट सगळीकडं पसरला. सिंधुबाई पदर तोंडावर दाबून खोकत खाली बसली. साहेबांनी घाईघाईनं खोक्यात हात घातला, एक मास्क काढला आणि नाकावर घट्ट चढवला.

साखराबाई त्यांच्याकडं बघत राहिली.

"सायेब," ती म्हणाली, "तुमची चिठ्ठी कुनी काढली?"