फ्यूजमामाचा डबा

लिफ्टदुरुस्तीत चाळीस वर्षं घालवलेल्या त्या माणसाला सगळे फ्यूज म्हणत. कधी उडेल याचा नेम नसे. घरात भाच्याचा तो मामा, म्हणून फ्यूजमामा. एकदा हातात पाना घेऊन तो एका इमारतीच्या सेक्रेटरीमागं पाच मजले धावला होता, तेही जिन्यानं, कारण लिफ्ट त्यानंच बंद ठेवली होती.

यंदा तो उडाला थोरल्या बहिणीपायी. अक्काची नजर दोन वर्षांत पार गेली. घरच्यांनी तिला फोन आणून दिला, तो नुसती गुळगुळीत काच. बोट कुठं टेकायचं ते तिला कळेना. गाणं लावायला सुनेला हाक, बंद करायला पुन्हा हाक. एक दिवस सून म्हणाली, "आई, दिवसातून दोनदाच सांगत जा हो. मला कामं असतात."

त्या दिवसापासून अक्कानं गाणंच सोडलं. मामाला हे कळलं तेव्हा त्याचं टाळकं सणकलं.

"डबा करून देतो तुला. तुझ्या हातानं लाव, तुझ्या हातानं बंद कर."

"तसा होत असेल तर कर," अक्का तितक्याच रागात म्हणाली. "मागून आणलेलं गाणं मला गोड लागत नाही."

पत्त्याच्या पानाएवढ्या बोर्डावर बसणारा अख्खा कॉम्प्युटर मामानं विकत आणला. नव्या लिफ्टांना कॉम्प्युटर लागले तेव्हा शिकवणाऱ्याला शिव्या घालत का होईना, तो ही विद्या शिकला होता. बोर्डाला बॅटरी आणि स्पीकर जोडला, मेमरी कार्डात अक्काची गाणी भरली. भंगारातल्या लिफ्टची चार जाड बटणं बसवली: सुरू, थांब, पुढे, मागे. सगळा संसार ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात, वर खांद्याला अडकवायला पट्टा.

'सुरू' दाबलं. स्पीकर नुसता खुट् करून गप्प.

मामानं बोर्ड दोनदा बदलून आणला. पुन्हा खुट्. तिसऱ्यांदा तो बदलायला दुकानात उभा राहिला तेव्हा दुकानदारीणबाईंनी हात जोडले. "काका, तिन्ही बोर्डांना एकच आजार कसा होईल? तुमच्या जोडणीत बघा की."

"माझ्या जोडणीत? माझ्या जोडणीवर हजारो माणसं वरखाली गेलीत, एक पडला नाही."

तरातरा तो अक्काकडं आला आणि डबा तिच्या मांडीवर आदळला. "घे. हा मुका जन्माला आलाय."

अक्कानं डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. डावा अंगठा एका बटणावर रुतला, उजव्यानं तिनं दुसरं चाचपून दाबलं, आणि डबा खणखणीत गायला लागला. अंगठा उचलला, गप्प. पुन्हा दाबला, 'सुरू'ला बोट लावलं, पुन्हा गाणं.

"अरे, हे डाव्या हाताचं कसलं बटण?"

"'थांब'चं."

"मग ते दाबून धरल्यावरच हा गातोय बघ."

मामानं डबा ओढून घेतला नि झाकण उघडलं. लिफ्टमध्ये 'थांब'च्या तारेत वीज कायम वाहती ठेवतात. बटण दाबलं की ती तुटते नि लिफ्ट थांबते; उंदरानं तार कुरतडली तरी थांबते. हातानं सवयीनं तीच जोडणी केली होती. बोर्डाला वाटत होतं, कुणीतरी 'थांब' दाबूनच बसलंय. तीन दिवस त्यानं जगाला शिव्या घातल्या, आणि गाढव घरातच होतं.

"गाणं पडून कुणी मरत नाही रे," अक्का म्हणाली. "बदल ती तार."

"तार बदलणार नाही. तार बरोबर आहे," मामा गुरगुरला. तिथंच भाच्याचा लॅपटॉप डब्याला जोडून त्यानं प्रोग्रॅममध्ये 'थांब'चा अर्थ उलटा केला, आणि डबा परत दिला.

अक्कानं लावलं. थांबवलं. पुन्हा लावलं. आतून सुनेचा आवाज आला, "आई, जरा बंद करता का? फोनवर बोलतेय."

अक्काचं बोट 'थांब'वर गेलं, तिथं न दाबता टेकून राहिलं. गाणं चालूच होतं.

"हे कडवं संपलं की करते," ती म्हणाली.