दारातला उंदीर

सन १९०५. मी तेरा वर्षांचा होतो. साताऱ्याकडच्या आमच्या गावात उंदीर मरून पडू लागले, तसं सगळं गाव घरांची कौलं उतरवून माळावर झोपड्यांत राहायला गेलं. कौलं काढली की घरात ऊन शिरतं आणि प्लेग मरतो, असं म्हणत. आठव्या दिवशी आईच्या काखेत गाठ आली. मामा ग्वाल्हेरला सरकारी पागेत नोकरीला होता, तो रजेवर आलेला. वडिलांनी मला त्याच्या हवाली केलं. निघताना झोपडीतून आईनं हाक मारली, "जातोस का रे?" मी भ्यालो होतो. ओ दिली नाही, पळत सुटलो. महिन्यानं पत्र आलं, आई गेली.

गावाकडच्यांनो, तुम्ही म्हणता हा तिकडे जाऊन माणसं विसरला. काय विसरलो ते माझं मला ठाऊक. शाळा दुसरीत सुटली, पण मामाच्याच पागेत लागून एकाहून एक द्वाड घोडे सांभाळले, कुणापुढे मान खाली घातली नाही. तरी मेलेला उंदीर दिसला की छाती आवळायची, कानात शिट्ट्या वाजायच्या, वाटायचं आत्ता मेलो. चण्याच्या कोठारामागे जाऊन काख चाचपायची. गाठ नसायची. पुन्हा चाचपायची. बायकोलाही बोललो नाही. शिलेदाराच्या घराण्यातला मी, उंदराला भितो हे सांगू?

१९२१ साली आम्ही ग्वाल्हेरच्या दौलतगंजात भाड्यानं राहत होतो. एका दुपारी दारात उंदीर पडलेला आणि आमची चार वर्षांची सुमन त्याच्यावर वाकलेली. तिला उचलून गल्लीत ठेवलं, अंथरुणं बाहेर फेकली आणि पहार घेऊन वर चढलो, कौलं उतरवायला. इथं कौलं कुठली! इथली छतं पटियांची, लांबरुंद दगडी फरश्यांची. मी पटियाच उचकटू लागलो.

"अरे दादा, बौरा गए हो क्या?" खालून घरमालकीण ओरडली. "छत गिराओगे?"

"प्लेग आलाय! मैदानात चला सगळे!"

"अहो, मांजरानं मारलाय तो," बायको म्हणाली. "मानेवर दात दिसतायत. खाली या आधी."

"मराठा साब चूहे से लड़ने चढ़े हैं!" कुणीतरी म्हणालं, गल्ली हसली. तेवढ्यात कडेची पटिया तडकली. तिचा तुकडा सुमनपासून हातभर अंतरावर पडला. मग कुणी हसलं नाही.

संध्याकाळी बायकोनं बोचकं बांधलं. "कशाला भिता ते सांगत नाही, आणि जीव आमचा घेता. पोरीला घेऊन मी जयेंद्रगंजला बाबांकडे चालले."

उंदीर अजून दारातच, टोपलीखाली. मी कुणाला हात लावू दिला नव्हता. बायको सुमनला कडेवर घेऊन उभी. कसंबसं म्हटलं, "आईनं हाक मारली होती. मी ओ दिली नाही." मग सगळंच सांगितलं, रडत. ती ऐकत खाली बसली. बोचक्याची गाठ सोडली नाही, पण गेलीही नाही.

"सकाळी तो उंदीर तुम्हीच टाकून या," म्हणाली. "मग बघू."

भीती गेली असं समजू नका. या वयातही काख चाचपतो. पण घर कुठलं असं विचाराल, तर भ्यालो हे जिथं तोंडानं सांगता आलं, ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली. छाती आवळली, तरी शेपटी धरली. भरल्या गल्लीतून चाललो. हात लटलट कापत होता, लपवला नाही. मैदानात खड्डा करून उंदीर पुरला, घरी येऊन हातपाय धुतले, आणि बायकोला न विचारता बोचकं सोडायला बसलो.